फायरवॉल आली, रेकॉर्डर तसाच राहिला : एका घरच्या नेटवर्कचं प्रकरण

पार्श्वभूमी

दोन मजल्यांचं घर, तीन पिढ्या, सात माणसं. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, म्हणून माणसांना नात्यानेच संबोधतो: आजी-आजोबा, थोरले आणि वहिनी, धाकटे आणि धाकट्या सूनबाई, आणि धाकट्यांची सतरा वर्षांची मुलगी.

खालच्या मजल्यावर इंटरनेट कंपनीने बसवलेला फायबरचा डबा होता. मोडेम, राउटर आणि वायफाय, तिन्ही त्यातच. वर रेंज पोचत नाही म्हणून धाकट्यांनी मेश वायफायचा संच आणला होता आणि तोही राउटर म्हणूनच चालत होता. म्हणजे घरात एकात एक अशी दोन नेटवर्क होती, आणि हे घरातल्या कुणाच्याच गावी नव्हतं. प्रिंटर कधी सापडायचा, कधी नाही. त्याचं खापर मात्र बिचाऱ्या प्रिंटरवर फुटायचं.

थोरले आणि धाकट्या सूनबाई घरून काम करायचे. आजोबांचं रक्तदाबाचं यंत्र वायफायवरून नोंदी डॉक्टरांपर्यंत पोचवायचं. त्याखेरीज टीव्ही, स्मार्ट प्लग, एक जुना टॅब, सगळ्यांचे फोन, आणि चार कॅमेऱ्यांना जोडलेला एक रेकॉर्डर. सगळं धरून तिसाच्या आसपास उपकरणं.

या प्रकरणात महत्त्वाचा तो रेकॉर्डर. काही दिवशी दुपारी घरात फक्त आजी-आजोबा असतात, म्हणून बाहेरून फोनवर कॅमेरे दिसायला हवे होते. ज्याने कॅमेरे बसवले त्याने सगळ्यात झटपट होणारा मार्ग धरला. राउटरमध्ये रेकॉर्डरला डीएमझेडमध्ये टाकलं. याचा अर्थ असा की इंटरनेटवरून या घराच्या पत्त्यावर जे काही न मागता येईल, ते सगळं, कुठल्याही पोर्टवर (यंत्राच्या क्रमांकित दारावर) आलेलं, थेट रेकॉर्डरच्या दारात. पासवर्ड रेकॉर्डरबरोबर आलेलाच ठेवला होता. कॅमेरे फोनवर दिसू लागले, काम झालं.

अडचण

काही वर्षांनी इंटरनेट कंपनीकडून एक मेल आली. तुमच्या जोडणीवरून इतर संगणकांच्या पोर्ट २३ वर सतत प्रयत्न होत आहेत, तपासून घ्या, अशा अर्थाची. पोर्ट २३ म्हणजे टेलनेट, दूरवरून यंत्रात शिरायचा जुनापुराणा मार्ग, ज्यात पासवर्डसुद्धा उघडा जातो. आजच्या घरात कुणीही माणूस टेलनेट वापरत नाही. तेव्हा ही एक ओळ वाचूनच संशयितांची यादी फार लहान व्हायला हवी होती.

२०१६ साली ‘मिराई’ नावाच्या बॉटनेटने, म्हणजे चोरून ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेने, नेमका हाच मार्ग वापरला होता. टेलनेट उघडं असलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर शोधायचे, निर्मात्यांनी दिलेल्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या एकेक करून लावून बघायच्या, आत शिरायचं आणि त्या यंत्राकरवी पुढची शिकार शोधायची. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच यंत्रांच्या फौजेने ‘डाइन’ या डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठ्या सेवा अनेकांसाठी बंद पडल्या. त्याआधी काही आठवडेच मिराईचा कोड उघड झाला होता, त्यामुळे त्याची पिल्लावळ अजून फिरते आहे.

घरच्यांनी पहिला उपाय केला तो सगळं बंद करून पुन्हा चालू करण्याचा. इथे एक फसवा दिलासा मिळाला. या जातीचा बराचसा मालवेअर यंत्राच्या मेमरीतच राहतो, वीज गेली की पुसला जातो. पण दार उघडंच असल्याने थोड्या वेळात तो पुन्हा येतो. घरच्यांना वाटलं, मिटलं. मग दुसरी मेल आली, आणि हिच्यात जोडणी तात्पुरती बंद करण्याचा इशारा होता.

घरच्यांचा पहिला प्रयत्न

थोरल्यांनी स्मार्ट फायरवॉल आणली, म्हणजे घरातून ये-जा करणारं ट्रॅफिक तपासून नको ते अडवणारं यंत्र. तळहाताएवढा डबा, मागे नेटवर्कच्या वायरींसाठी पोर्ट, आणि सगळा कारभार फोनवरच्या अ‍ॅपमधून. राउटरच्या एका रिकाम्या पोर्टात वायर लावली, अ‍ॅपने सुचवलेला ‘सोपा’ मोड निवडला, आणि दहा मिनिटांत उपकरणांची यादी दिसू लागली.

सोपा मोड कसा चालतो ते समजून घ्यायला हवं, कारण गाडं तिथेच अडलं. घरातल्या उपकरणाला बाहेर काही पाठवायचं असतं तेव्हा ते एआरपी नावाच्या पद्धतीने विचारतं, गेटवेचा, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरचा, पत्ता कोणाकडे आहे? या मोडमध्ये फायरवॉल मधेच ‘माझ्याकडे’ असं सांगून ट्रॅफिक स्वतःकडे ओढून घेते. वायरींना हात न लावता फायरवॉल मधे बसवायची ही युक्ती आहे, आणि अनेक घरांत ती चालतेही. या घरात मात्र तीन ठिकाणी भोकं राहिली.

वरच्या मजल्यावरचा मेश स्वतः राउटर असल्याने त्याच्या मागची सगळी उपकरणं फायरवॉलला एकच दिसत होती. निम्मं घर एका नावाखाली. दुसरं, कंपनीच्या डब्याने फायरवॉलचा दावा मानलाच नाही. त्यामुळे डीएमझेडमधून रेकॉर्डरकडे येणारं ट्रॅफिक फायरवॉलला वळसा घालून थेट जात राहिलं. तिसरं भोक सहसा लक्षात येत नाही: एआरपी फक्त आयपीव्ही४ साठी, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या जुन्या पद्धतीसाठी असते. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत शेजारी शोधायची पद्धत वेगळी. कंपनी आयपीव्ही६ देत होती, फोन-लॅपटॉप त्यालाच प्राधान्य देत होते, आणि त्यांचं बरंचसं ट्रॅफिक फायरवॉलच्या नजरेस पडतच नव्हतं.

जे दिसत होतं त्याचे मात्र अलर्ट धडाधड यायला लागले. टीव्हीने इतका डेटा पाठवला. प्लग परदेशी सर्व्हरशी बोलला. नवीन उपकरण आलं (पाहुण्याचा फोन). थोरल्यांनी एका संध्याकाळी बसून जे जे लाल दिसलं ते ब्लॉक केलं, आणि वर एका फटक्यात बरेच देशही ब्लॉक केले. दुसऱ्या दिवशी धाकट्या सूनबाईंचं ऑफिसचं व्हीपीएन (दुरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये जायची सुरक्षित वाट) लागेना, कारण त्याचा सर्व्हर ब्लॉक केलेल्या देशांपैकी एकात होता. टीव्ही रुसला. आजोबांच्या नोंदी डॉक्टरांकडे जाईनात, हे तर चार दिवसांनी कळलं. एका मीटिंगच्या तोंडावर वहिनींनी फायरवॉलचा प्लगच काढला आणि घर पूर्ववत चालू झालं.

रेकॉर्डर या सगळ्या काळात आपलं काम इमानेइतबारे करत होता. दोन्ही कामं. मला बोलावलं गेलं ते या टप्प्यावर.

पर्याय

पहिला पर्याय रेकॉर्डर नेटवर्कवरून काढून टाकण्याचा. कॅमेऱ्यांचं चित्रीकरण चालू राहिलं असतं, फक्त फोनवर दिसलं नसतं. धोका त्याच क्षणी संपला असता. पण आजी एकदा घरात पडल्या होत्या, तेव्हापासून दुपारी एकदा कॅमेरा बघितल्याशिवाय वहिनींना चैन पडत नसे. त्यांनी स्पष्ट सांगितलं, “ते दिसणार नसेल तर बाकी काही करू नका.” ही अट पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया ठरली.

दुसरा पर्याय आहे त्या राउटरमध्येच भागवण्याचा. डीएमझेड काढायचं, यूपीएनपी बंद करायचं, रेकॉर्डरचा पासवर्ड बदलायचा, टीव्ही, प्लग अशा वस्तूंना पाहुण्यांच्या वायफायवर हलवायचं. यूपीएनपी बंद कशासाठी? त्याच्यामुळे घरातलं कुठलंही उपकरण कुणालाही न विचारता राउटरमध्ये बाहेरून यायचं दार उघडून घेऊ शकतं. हे सगळं एका संध्याकाळचं, शून्य खर्चाचं काम. माझ्या मते बहुतेक घरांनी इथेच थांबावं. पण पुन्हा काही शिरलं तर कळणार कसं, या प्रश्नाला त्या राउटरकडे उत्तर नव्हतं. कोण कुठे बोलतं याची त्यात काहीच नोंद नव्हती.

तिसरा, फायरवॉल खऱ्या अर्थाने वाटेत बसवायची. म्हणजे घरचा मुख्य राउटर तीच, कंपनीचा डबा फक्त पलीकडचं टोक, आणि मेश नुसतं वायफाय देणारं यंत्र.

चौथा पर्याय धाकट्यांनी मांडला: जुन्या संगणकावर ओपीएनसेन्ससारखी मुक्त प्रणाली टाकून आपणच फायरवॉल करू. करता येतं, उत्तम होतं. पण मी एकच विचारलं, तुम्ही गावाला असताना ती बंद पडली तर वहिनी काय करतील? विषय तिथेच मिटला.

तिसरा पर्याय ठरला, आणि दुसऱ्यातली सगळी कामं त्याआधी, त्याच दिवशी, हेही ठरलं.

काय केलं

सर्वांत आधी रेकॉर्डरची वायर काढली. मग डीएमझेड, जुने पोर्ट फॉरवर्ड (ठरावीक पोर्टवर बाहेरून आलेलं आतल्या यंत्राकडे पाठवणारे नियम) आणि यूपीएनपी बंद. हे झाल्यावर बाकीचं सावकाश करायला मोकळीक मिळाली.

पुढचा प्रश्न कंपनीच्या डब्याचा. शुद्ध मांडणी करायची तर तो ब्रिज मोडमध्ये टाकून, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद करून, सार्वजनिक पत्ता सरळ फायरवॉलला द्यायचा. कंपनी तयार होईना. रोज ग्राहक सेवेशी हुज्जत घालायची की पुढे जायचं? आम्ही पुढे गेलो. डबा राउटरच राहिला, त्याचं वायफाय बंद केलं आणि त्याच्या मागे फायरवॉल. म्हणजे पत्त्यांची अदलाबदल (नॅट) दोनदा होणार. दुहेरी नॅटची पुष्कळ धास्ती घातली जाते, पण घरातून बाहेर जाणाऱ्या नेहमीच्या ट्रॅफिकला त्याने सहसा काही होत नाही. अडचण येते ती बाहेरून आत यायचं असेल तेव्हा, आणि आम्हाला तसं एकच दार हवं होतं.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. दोन्ही राउटर १९२.१६८.१ याच मालिकेतले पत्ते वाटत असतील तर गोंधळ होतो, तेव्हा फायरवॉलच्या मागच्या पत्त्यांची मालिका वेगळी ठेवली. ती जरा अनवट घेण्याचा आणखी एक फायदा असतो. हॉटेलात किंवा दुसऱ्याच्या घरी वायफायवर असताना घरच्या व्हीपीएनला जोडायचं झालं आणि दोन्हीकडे तीच मालिका निघाली, तर फोनला घरचा रेकॉर्डर सापडतच नाही.

आयपीव्ही६ आतल्या बाजूला तूर्त बंद ठेवलं. कंपनीच्या डब्याकडून फायरवॉलला पुढे वाटण्यासाठी वेगळा पत्त्यांचा गट मिळत नव्हता, आणि अर्धवट चालू ठेवून पुन्हा चोरवाट तयार करण्यापेक्षा नसलेलं बरं.

मग घराचे तीन भाग केले: माणसांचं नेटवर्क, ऑफिसचे दोन लॅपटॉप, आणि वस्तू. तिन्ही एकाच वायरीवरून वेगवेगळे चालवायचे तर व्हीलॅन (टॅग लावून वेगळी ठेवलेली नेटवर्क) लागतात, आणि धाकट्यांच्या मेशला व्हीलॅनचे टॅग कळत नव्हते. त्यामुळे वायफाय देणारा एक वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट घ्यावा लागला. हा खर्च कुणाच्या हिशोबात नव्हता. फायरवॉलच्या खोक्यावर नेटवर्क वेगळी करता येतील असं लिहिलेलं असतं, पण वायफाय देणाऱ्या यंत्राची साथ नसेल तर ते फक्त वायरीपुरतं खरं असतं. रेकॉर्डरला फायरवॉलचा एक स्वतंत्र पोर्टच दिला.

आता रेकॉर्डर पुन्हा जोडला, पण बाहेर काही जाऊ न देता, फक्त नोंद चालू ठेवून. त्याआधी त्याला बंद-चालू करून फॅक्टरी रीसेट करता आलं असतं. ते मुद्दाम केलं नाही. वायर काढली तरी वीज तशीच ठेवली होती, कारण खरा गुन्हेगार हाच आहे याचा पुरावा हवा होता, नाहीतर पुन्हा टीव्हीवर संशय. फायरवॉलच्या अ‍ॅपमध्ये रेकॉर्डरचं पान उघडलं आणि ब्लॉक झालेल्या जोडण्यांची यादी पाहिली. एकाखाली एक ओळी येत होत्या. प्रत्येक ओळीत वेगळा पत्ता, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, आणि शेवटी पोर्ट मात्र बहुतेक ठिकाणी तोच, २३. मधूनच एखादा २३२३. बोट लावून वर सरकवेपर्यंत खाली नव्या ओळी जमत होत्या. थोरले बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “हे तेव्हाही दिसत होतं का?” दिसत होतं. अलर्टच्या पानावर नव्हे, जोडण्यांच्या यादीत. आणि तिकडे तेव्हा कुणी गेलं नव्हतं, कारण अलर्टच्या पानावर टीव्हीची रांग लागलेली होती.

या उपकरणांच्या अलर्टबद्दल माझं मत इथेच सांगून टाकतो. ‘टीव्हीने अमुक इतका डेटा पाठवला’ हे कळून काही साधत नाही. एखादं उपकरण कधीच करत नाही ते करू लागलं, तर ते कळायला हवं. त्यासाठी ते एरवी काय करतं हे आधी माहीत असावं लागतं. म्हणून पुढचे दोन आठवडे रेकॉर्डर सोडून काहीही ब्लॉक करायचं नाही, नुसतं बघायचं आणि प्रत्येक उपकरणाला नाव द्यायचं, असं ठरलं. या नावं देण्याच्या कामाला सगळ्यात जास्त वेळ लागला. आजचे फोन प्रत्येक वायफायला वेगळा बनावट मॅक पत्ता (नेटवर्कवरची उपकरणाची ओळख) दाखवतात; अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून ही सोय मुळातच चालू असते. घरच्या वायफायपुरती ती बंद केल्यावर फोन एका नावाने ओळखू येऊ लागले.

रेकॉर्डर नंतर रीसेट केला, पासवर्ड बदलला. नवं फर्मवेअर (यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर) मिळालंच नाही. म्हणून त्याला इंटरनेट पूर्ण बंद: बाहेरून आत नाही, आतून बाहेर नाही. फोनवर कॅमेरे दिसण्यासाठी फायरवॉलमधलं वायरगार्ड व्हीपीएन चालू केलं. कंपनीच्या डब्यातून त्याचा एकच यूडीपी पोर्ट पुढे पाठवला. हेच ते एक दार. वायरगार्ड ओळखीची किल्ली नसलेल्याला उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. वहिनींच्या फोनवर आता कॅमेरा बघायचा तर आधी एक बटण दाबावं लागतं. त्यांनी कुरकुर केली, पण दोनच दिवस.

हे जमलं कारण या घराला खरोखरचा सार्वजनिक पत्ता होता. अनेक कंपन्या बऱ्याच ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवतात. राउटरच्या स्टेटस पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही तशा सामायिक पत्त्यामागे आहात. मग पोर्ट पुढे पाठवून उपयोग नाही, मधला एखादा सर्व्हर लागतो. फायरवॉल विकत घेण्याआधी हे बघून घ्यावं.

माणसांची नोंद

हा भाग कुणीच अडचण म्हणून मांडला नव्हता. अशा फायरवॉलला वेबपानांचा मजकूर दिसत नाही, तो एन्क्रिप्टेड असतो. पण डीएनएसच्या विचारणा आणि जोडणी सुरू होतानाचं साइटचं नाव बहुधा दिसतं. म्हणजे कुणाच्या फोनवरून, किती वाजता, कुठल्या साइटवर. कारखान्यातून येतानाच ही नोंद सगळ्या उपकरणांसाठी चालू होती आणि अ‍ॅप एकट्या थोरल्यांच्या फोनवर.

बघण्याच्या त्या दोन आठवड्यांत एका सकाळी थोरल्यांनी पुतणीला सहज विचारलं, “रात्री दीडपर्यंत काय चाललं होतं ग?” ती म्हणाली, “काका, तुम्हाला कसं कळलं?” त्या दिवसापासून तिचा फोन घरच्या वायफायवर दिसेनासा झाला. मोबाइल डेटा चालू. दोन दिवसांनी धाकट्या सूनबाईंचा खासगी फोनही नाहीसा झाला. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, पण त्यांच्या तब्येतीच्या काही तपासण्या चालू होत्या आणि त्या संदर्भात त्या काय वाचतात हे थोरल्यांनी पाहावं अशी त्यांची इच्छा असण्याचं कारणच नव्हतं.

फायरवॉल घराचं रक्षण करत होती आणि घरातली माणसं तिच्यापासून लपत होती. तांत्रिक दृष्ट्यासुद्धा हे नुकसानच, कारण मोबाइल डेटावर गेलेल्या फोनला फायरवॉलचं कसलंच संरक्षण नाही.

इथे तीन मार्ग होते. नोंद तशीच ठेवायची आणि थोरल्यांनी ‘बघणार नाही’ म्हणायचं. फक्त मुलीची ठेवायची. किंवा माणसांच्या नेटवर्कची नोंद बंदच करायची. पहिल्यावर कुणाचा भरवसा बसला नसता, थोरल्यांच्या हेतूत खोट नसूनही. दुसऱ्याबद्दल धाकट्यांनीच नकार दिला. ते म्हणाले, “तिच्याशी काय बोलायचं ते आम्ही दोघं बोलू, त्याला डबा नको.” माणसांच्या आणि ऑफिसच्या नेटवर्कवर साइटची नोंद बंद केली. तिथे फक्त ओळखीच्या घातक पत्त्यांना अटकाव राहिला. वस्तूंची नोंद पूर्ण चालू. अ‍ॅपचा दुसरा ताबा धाकट्या सूनबाईंकडे दिला, म्हणजे सेटिंग खरंच बंद आहे ना हे त्यांना स्वतः बघता येईल.

नंतर निघालेल्या दुरुस्त्या

फोनवरून टीव्हीवर काही पाठवणं बंद पडलं. फोन माणसांत, टीव्ही वस्तूंत. टीव्ही शोधायची हाक एमडीएनएसची असते, ती २२४.०.०.२५१ या पत्त्यावर जाते आणि आपल्या नेटवर्कची वेस ओलांडत नाही. फायरवॉलमध्ये ती पलीकडे पोचवायची सोय चालू केली, आणि माणसांकडून वस्तूंकडे जाता येईल, उलट नाही, असा नियम ठेवला. प्रिंटरसाठी इतका खटाटोप न करता त्याला सरळ माणसांत आणून बसवलं.

रेकॉर्डरची दुरुस्ती उशिरा सुचली. फाटकाला कुणाची तरी गाडी घासून गेली, चित्रीकरण काढलं, तर वेळ जुळेना. इंटरनेट पूर्ण तोडल्याने रेकॉर्डरला वेळ लावून घ्यायला एनटीपी सर्व्हर मिळत नव्हता आणि घड्याळ हळूहळू सरकत गेलं होतं. आता फायरवॉलच त्याला वेळ सांगते. कॅमेऱ्याला बाहेरची वाट बंद करणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं. पुरावा म्हणून चित्रीकरण दाखवायची वेळ आली की घड्याळ आठवतं.

निष्पत्ती

कंपनीची पुढची मेल आलेली नाही. वस्तूंच्या नोंदीत पोर्ट २३ पुन्हा दिसलेला नाही. मुलीचा फोन महिन्याभरात वायफायवर परतला.

घरचे मात्र कौतुक करतात ते दुसऱ्याच गोष्टीचं. फायरवॉलमध्ये रांग सांभाळायची सोय होती: एखाद्या फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला की अपलोडची वाट तुंबते आणि व्हिडिओ कॉल अडखळतात, ते टाळण्यासाठी छोट्या तातडीच्या पॅकेटना (डेटाच्या तुकड्यांना) अडकू न देणारी. वेगाची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या किंचित खाली ठेवून ती चालू केली. वहिनींच्या लेखी फायरवॉल म्हणजे मीटिंग न तुटण्याचं यंत्र. प्लग काढणारा हात आता त्यामुळे थांबतो, तेव्हा हेही सुरक्षेचंच काम झालं म्हणायचं.

प्रत्येक पॅकेटची कसून तपासणी मात्र सगळीकडे लावली नाही. ती चालू केली की छोट्या प्रोसेसरच्या डब्यांचा वेग घसरतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात असतो तो वेग बहुधा तपासणीविनाचा. इथे ती वस्तूंपुरतीच आहे.

एकदा थोरले प्रवासात असताना अपडेटनंतर फायरवॉल अडकली. कपाटाच्या दाराच्या आतून एक कागद चिकटवलेला आहे: कंपनीच्या डब्यावरचं वायफायचं बटण दाबा, या नावाचं वायफाय दिसेल, त्याला जोडा. धाकट्या सूनबाईंनी तेवढं केलं आणि घर चालू राहिलं. रेकॉर्डर फायरवॉलच्याच पोर्टात असल्याने त्या वेळात तो नुसता बंद पडून राहिला, उघडा पडला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली मेल आली त्याच दिवशी एकेक उपकरण काढून बघितलं असतं आणि डीएमझेड बंद केलं असतं, तर फायरवॉल न आणताही मूळ आजार बरा झाला असता. फायरवॉल नंतर, सवडीने आणता आली असती.

देश ब्लॉक करणं हा वेळेचा अपव्यय होता. बॉटनेटमधली यंत्रं सगळीकडे असतात, स्वतःच्या देशातही. आणि रोजच्या सेवा कुठल्या देशातल्या सर्व्हरवरून येतील याचा नेम नसतो. आजोबांच्या नोंदी याच कारणाने अडकल्या होत्या.

नोंद कुणाची ठेवायची हे डबा चालू करण्याआधी, सगळ्यांना बसवून ठरवायला हवं होतं. तो प्रश्न अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये विचारला जात नाही, म्हणून तो राहून जातो.

आणि रेकॉर्डर बदलायला हवा होता. ज्याला फर्मवेअर मिळत नाही असं यंत्र कोंडून वापरणं ही तडजोड आहे. नियमात कुणी एक टिचकी चुकीची मारली की ते पुन्हा मोकळं. घरच्यांनी पुढच्या खेपेला बदलू म्हटलं आहे. काय बघून घ्यायचं असं त्यांनी विचारलं, तेव्हा इतकंच लिहून दिलं: अपडेट किती वर्षं मिळणार हे निर्मात्याने लिहून दिलेलं असावं, पहिल्यांदा चालू करताना पासवर्ड ठेवायला भाग पाडणारा असावा, आणि निर्मात्याच्या क्लाउडशिवाय घरच्या नेटवर्कवर चालणारा असावा. बसवायला येणाऱ्याला राउटरचा पासवर्ड द्यायचा नाही, हे वहिनींनी त्याखाली आपल्या हाताने लिहिलं.